किल्ली कोणाकडे?

ई-मेलमधून चित्रे आणि जोडपत्रे सुखरूप जावीत म्हणून १९९२ मध्ये ‘माइम’ प्रमाणकात ‘बेस ६४’ हे संकेतन आले. त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, ३ बाइटचे. म्हणून ‘मधुमेह’ या शब्दाची २४ रोमन अक्षरांची माळ होते. ती वाचता येत नाही, एवढ्यावरूनच रुग्णाची माहिती झाकली गेली असे मानले जाते. पण याला किल्लीच नसते! ज्या छोट्या, फुकट मिळणाऱ्या लायब्ररीने माळ ओवली, तीच एका ओळीच्या आज्ञेने उसवते. आजारांच्या नोंदींना खरे कूटलेखनच हवे. संगणकप्रणाली विकत घेताना रुग्णालयांनी विक्रेत्याला किल्ली कोणाकडे राहते, हे आधी विचारावे.