कानातले पाखरू

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. केशोरीच्या आमच्या घरातील सारी कर्ती माणसे रोवणीला गेली होती. घरी म्हातारी आजी, चार वर्षांची पुतणी आणि मी. परीक्षेचे निमित्त सांगून मी रोवणी टाळली होती. खरे म्हणजे हातात पुस्तकापेक्षा मोबाईलच अधिक वेळ होता. पुतणी तीनदा येऊन म्हणाली, "काकाजी, माज्या कानात पाखरू बोलते." पहिल्यांदा मी "हो का?" म्हटले, दुसऱ्यांदा "बोलू दे", आणि तिसऱ्यांदा नुसतेच "हं".

संध्याकाळी तिने जो आक्रोश मांडला! आजीने तिला कुशीवर निजवून कानात कोमट तेल सोडले, तेव्हा एक इवलासा किडा तरंगत वर आला. पोरगी दिवसभर खरेच सांगत होती.

"मुलांना वेळ द्या" असा उपदेश आपण सभांतून ऐकतो. तो बहुधा आयांनाच उद्देशून असतो, याचा मला राग येतो. रोवणीच्या चिखलात नाहीतर मिरचीच्या तोडणीत दिवस घालविणाऱ्या बाईने वेळ आणावा कोठून? वेळ माझ्यापाशी होता, मित्रहो. लक्ष नव्हते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज गावोगावी रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द तेथलाच. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच 'कुरणशाळा' भरली! मूल जेथे आहे तेथे आपण जायचे, एवढाच त्यातला विचार. मला मात्र खाटेवरून मान वर करणेही जड झाले होते.

कोणी म्हणेल, दिवसभर पोरांच्या तोंडाकडे पाहत बसायचे काय? मुळीच नाही. आजी कोठे बसते? ती तांदूळ पाखडत असते. पण पोरगी बोलू लागली की तिचा सुपावरचा हात थांबतो. दोन वाक्ये होतात आणि सूप पुन्हा चालू लागते.

परवा पुतणी मूठ झाकून अंगणातून धावत आली. मी मोबाईल खाली ठेवला, उठलो, तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि विचारले, "काय आहे बाई मुठीत?"

तिने मूठ पाठीमागे लपविली. म्हणाली, "तुमाले नाई. आजीले."