बापाचं शहर, लेकाचा संघ
न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. १९९०च्या दशकात एडी ब्राउन तिथल्या 'फायरबर्ड्स'कडून इनडोअर फुटबॉल खेळायचा. हा अमेरिकी फुटबॉलच, पण आइस हॉकीच्या रिंगणाएवढ्या, जेमतेम ५० यार्डांच्या मैदानात. एका बाजूला आठच गडी आणि कडेला गाद्या लावलेला कठडा. त्यावर आदळलेला खेळाडू कधीकधी थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या मांडीवर! या खेळाच्या पहिल्या २० वर्षांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून २००६मध्ये एडीचीच निवड झाली. त्याच शहरात २०२१मध्ये 'ऑल्बनी एम्पायर' हा संघ याच खेळाच्या नॅशनल अरीना लीगमध्ये उतरला आणि लागोपाठ दोन वर्षं विजेता ठरला. घडी छान बसली होती. २०२३मध्ये मालकी आली एडीच्या मुलाकडे, म्हणजे अमेरिकी फुटबॉलची मोठी व्यावसायिक लीग, एनएफएल, गाजवलेल्या (आणि वादांनीही तितक्याच गाजलेल्या) अँटोनियो ब्राउनकडे. मग प्रशिक्षक बदलत राहिले, खेळाडू गेले, सामने हातचे जाऊ लागले. जूनमध्ये, हंगाम चालू असतानाच, लीगने संघाला बाहेर काढलं. कारण? लीगची थकलेली देणी आणि मालकाने न भरलेला १००० डॉलरचा दंड. एनएफएलमध्ये कोट्यवधी डॉलर कमावलेल्या माणसाला ही रक्कम काय जड होती, देव जाणे. मालक स्वतः मैदानात उतरणार अशी हवाही बरीच झाली होती. तो एकही सामना खेळला नाही.