उशिरा सापडलेलं घर टपालाने मोजता येत नाही

जनगणनेच्या यादीत मागाहून भर पडलेल्या घरांसाठी एक सोपा उपाय सुचवला जातो. प्रगणकाला पुन्हा डोंगर चढायला लावू नका, अशा पत्त्यांवर प्रश्नावली टपालाने पाठवा, नाहीतर मोबाइलवर स्वयंगणनेची लिंक द्या. सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. 2027 ची जनगणना देशातली पहिली डिजिटल जनगणना आहे, तिच्यात स्वयंगणनेची सोय आहे आणि शिक्षकांवरचा कामाचा भार खरोखर मोठा आहे. तरीही नंदुरबारच्या बाबतीत हा उपाय साफ चुकीचा आहे. तो मान्य झाला तर ज्यांची नोंद होणं सर्वांत गरजेचं आहे, तीच माणसं आधी गळतील.

मुळात इथे पत्ता कशाला म्हणतात ते पाहा. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात भिल्ल-पावरांची घरं एका ओळीत नसतात. जो तो आपल्या शेतात घर बांधतो. महसुली नोंदीत गाव एक, प्रत्यक्षात त्याचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर. माणसाचं नाव, पाडा, गाव आणि टपाल कार्यालय एवढाच पत्ता. घराला क्रमांक मिळतो तो प्रगणक दारात येऊन भिंतीवर रंगवतो तेव्हा. म्हणजे जो क्रमांक माणूस गेल्याशिवाय तयारच होत नाही, त्या क्रमांकावर पाकीट पाठवायचं! शिवाय 2011 च्या गणनेत साक्षरतेत हा जिल्हा राज्यात सर्वांत मागे होता, सुमारे 64 टक्क्यांवर. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आजीच्या हाती छापील प्रश्नावली देणं म्हणजे तिला गणनेबाहेर ठेवणं.

अमेरिकेचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे 1970 पासून टपालाने जनगणना होते, हे खरं. पण जिथे टपाल घराच्या दारापर्यंत जात नाही, तिथे तिथलं जनगणना खातंही टपालावर विसंबत नाही. कर्मचारी स्वतः जातो, यादी दुरुस्त करतो आणि प्रश्नावली दाराशी ठेवतो. दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा.

पत्ते उशिरा का येतात, याचा विचार या सूचनेत नाहीच. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. काही कुटुंबं तळोद्याकडच्या रेवानगर, सोमावल, नर्मदानगरसारख्या वसाहतींत आली, काही नर्मदेकाठीच वर सरकली. शेवटची जनगणना 2011 ची. धरण 138.68 मीटरपर्यंत पहिल्यांदा भरलं 2019 मध्ये. मधल्या काळात पाण्यामुळे जी घरं वर गेली, ती जुन्या यादीत सापडणार कशी? वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरांचंही तेच. हे पत्ते आळसाने उशिरा आलेले नाहीत.

आणि खरी गळती तर ऊसतोडीत आहे. घरयादीची देशभरातली मुदत एप्रिल ते सप्टेंबर 2026. त्या काळात माणसं बहुतेक घरी असतात. लोकसंख्येच्या मोजणीचा संदर्भदिन मात्र 1 मार्च 2027, आणि मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. तेव्हा नवापूर, तळोदा, अक्कलकुव्यातली कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिण गुजरातेत किंवा इतर कारखान्यांकडे तोडीला गेलेली असतात. गणनेच्या काळात माणूस सलग बाहेर असेल तर तो जिथे आहे तिथे मोजायचा, असा नियम आहे. नियम योग्य आहे. पण उसाच्या फडाशेजारची कोपी उभी राहते दिवाळीच्या सुमारास, घरयादी संपल्यावर. तिकडे कोपी यादीत नाही, इकडे घराला कुलूप. माणसं परततात होळीला, आणि 2027 ची होळी येते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर. या कोपीला कुठल्या टपाल कार्यालयातून प्रश्नावली जाणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. यादी कधीतरी बंद करावीच लागते, उघडी ठेवली तर माणसं दोनदा मोजली जातील, असं म्हणतात. दुबार मोजणीची भीती मला मान्य आहे. पण 2011 च्या गणनेनंतर झालेल्या पडताळणीत, दुबार नोंदी वजा करूनही, हजारी 23 माणसं सुटल्याचं निघालं. आपला दोष सुटण्याकडे झुकलेला आहे. दोनदा नोंदलेला माणूस चौकशीत सापडू शकतो, कारण त्याची नोंद तरी असते.

आधार आहे, रेशनकार्ड आहे, मग एवढी धडपड कशाला, असंही कुणी विचारतं. देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. पण आधार माणसाची ओळख पटवतं. घरात किती जण आहेत, पाणी किती लांबून येतं, मुलगी शाळेत जाते का, हे ते सांगत नाही. आणि सरकारी निकष डोक्यांवर चालतात. आदिवासी भागात मिनी अंगणवाडीला किमान 150 लोकसंख्या लागते, ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला 250. पाड्यातली तीस-चाळीस माणसं नोंदीतून सुटली की अंगणवाडी जाते, रस्ता जातो. अन्नसुरक्षेचा कोटा आजही 2011 च्या आकड्यांवर बेतलेला आहे. तेव्हा सुटलेल्यांची किंमत त्यांचं गाव अजून मोजतं आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. यादी मोजणीच्या शेवटच्या दिवसापर्यंत उघडी ठेवा आणि मागाहून सापडलेल्या प्रत्येक घरी माणूसच पाठवा, पावरी, भिली, मावची यांपैकी तिथली बोली येणारा. पाड्याचा कारभारी, पोलीस पाटील, आशाताई यांना सोबत घेऊन तहसीलदारांनी घरयादी पुन्हा तपासावी. कारखान्यांकडून आणि मुकादमांकडून टोळ्यांचे मुक्काम फेब्रुवारीपूर्वी मागवून घ्यावेत आणि दोन्ही राज्यांच्या जनगणना संचालनालयांनी ते एकमेकांना द्यावेत. ज्यांच्या घरातलं कुणी तोडीला गेलं आहे, त्यांनी मुक्कामाचं गाव आणि मुकादमाचं नाव आजच आपल्या प्रगणकाला कळवावं.