शेड्यूल बोंबललं? टेन्शन नको!

साडेसातचा अलार्म. आठला चहा, सव्वाआठला आंघोळ, पावणेनऊला कॅब, साडेनऊला मीटिंग. सगळं कसं एकदम सेट! आणि मग एखाद्या मंगळवारी नळाला पाणी नसतं, कामवाल्या मावशींचा फोन स्विच ऑफ असतो, कॅबवाला तिसऱ्यांदा राइड कॅन्सल करतो आणि वायफायचा दिवा लालेलाल. नऊ वाजेपर्यंत आपला पारा इतका चढलेला असतो की ऑफिसात पहिलं ‘गुड मॉर्निंग’ म्हणणाऱ्याचं काही खरं नसतं.

गंमत म्हणजे यातली एकही गोष्ट तशी मोठी नसते. पाणी दुपारी येतं, मावशी दुसऱ्या दिवशी येतात. पण आपला अख्खा दिवस मात्र वाया गेलेला असतो. का? कारण आपलं टाइमटेबल म्हणजे एकाच बांबूवर उभा केलेला मांडव. तो बांबू हलला की सगळं डोक्यावर!

मन शांत ठेवायला शिकवणारी ॲप्स आता ढिगाने आहेत. श्वास घ्या, श्वास सोडा वगैरे. त्यांना माझा विरोध नाही. पण या विषयावरचे दोन भारी धडे सापडतात ते चक्क जामखेडला. नगर जिल्ह्यातलं (२०२४ पासून ऑफिशियली अहिल्यानगर) बीडच्या सीमेला खेटलेलं हे गाव. तालुका दुष्काळी. पाऊस आला तर आला, नाही तर नाही. घडी विस्कटणं ही इथे ब्रेकिंग न्यूज नसते.

पहिला धडा डॉक्टरांचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरला डॉक्टर झालं, अमेरिकेत जाऊन आणखी शिकलं आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन त्यांनी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. प्लॅन तयार, डिग्र्या तयार. आणि समोर उभा राहिला ७२ चा दुष्काळ. लोकांशी बोलायला बसल्यावर कळलं की त्यांना आधी औषध नकोच आहे. त्यांना पाणी हवंय, पोटाला काहीतरी हवंय.

आपण असतो तर? ‘हे आमच्या स्कोपमध्ये येत नाही,’ असा एक मेल टाकून मोकळे झालो असतो. आरोळ्यांनी कूपनलिका खोदायचं आणि अन्नाची सोय करायचं काम हातात घेतलं. विचार केला तर हेही आरोग्याचंच काम होतं. घाण पाण्याने पोट बिघडलेल्या पोराला किती दिवस गोळ्या देणार? उपाशी माणसाला टॉनिक देऊन काय होणार?

पुढे आणखी एक प्लॅन फसला. गावोगावी शिकलेल्या नर्स नेमायचं ठरलं होतं, पण ते काही जमेना. मग त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. याच बायकांनी गावात बाळंतपणं सांभाळली, मुलांची वजनं घेतली, घरोघरी जाऊन स्वच्छतेचं सांगितलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. थोडक्यात काय, प्लॅन दोनदा बदलला, पण आलो कशासाठी हे एकदाही बदललं नाही.

दुसरा धडा त्याच तालुक्यातल्या चौंडी गावचा. १७२५ मध्ये तिथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर आपल्याला पुतळ्यातून, घाटांवरून आणि देवळांवरून माहीत असतात. पण त्यांच्या आयुष्यातल्या या तारखा बघा. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. यानंतर राज्याचा कारभार त्यांच्या हातात आला आणि १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षं, त्यांनी तो चालवला.

कसा? जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये मध्य भारतावरच्या ग्रंथात त्यांची दिनचर्या नोंदवून ठेवली आहे. पहाट व्हायच्या तासभर आधी उठायचं. पूजा, पोथीश्रवण, दानधर्म. जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सहापर्यंत. मग पुन्हा पूजा आणि साधं जेवण. रात्री नऊला परत कामाला बसायचं आणि अकराला झोप. उपास, सणवार किंवा राज्यावरचं संकट सोडलं तर या क्रमात सहसा खंड नसे.

आपलं वायफाय आणि त्यांचं दुःख यांची तुलना कुणी करू नये. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ज्या बाईच्या हातात पुढचा दिवस कसा उगवेल हे नव्हतं, तिने आपण किती वाजता उठायचं हे मात्र आपल्या हातात ठेवलं. बाहेरचं सगळं हललं तरी आतली एक खुंटी घट्ट. आठवा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्यालाही याची चव मिळालीच होती. घरातच बसायचं असूनही सकाळी आंघोळ करून, चांगले कपडे घालून लॅपटॉप उघडला की दिवस जरा माणसात आल्यासारखा वाटायचा.

म्हणजे बॉस, फॉर्म्युला दोन ओळींचा आहे. बरंचसं सोडायला शिका आणि थोडंसं घट्ट धरा. ट्राय करून बघा:

एक, आपली खुंटी ठरवा. वीस मिनिटं चालणं, आईला फोन, रात्री पुस्तकाची दहा पानं. एखादीच, पण अशी की जिला ना कॅब लागते ना नेटवर्क.

दोन, प्लॅन फसला की स्वतःला विचारा, ‘हे मी कशासाठी करत होतो?’ मीटिंग महत्त्वाची की मीटिंगमधला निर्णय? निर्णय फोनवरही होतो.

तीन, आधी विचारा, मग चिडा. मावशी आल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या घरी आपल्या आधी काहीतरी बिनसलं असणार. कदाचित पोराला ताप असेल, कदाचित त्यांच्या वस्तीतही पाणी आलं नसेल. आपला खाडा पगारी रजेत जिरतो, त्यांचा पैसा कापला जातो. तेव्हा फोन लागल्यावर पहिलं वाक्य ‘काल कुठे होतात?’ असं नको, ‘सगळं बरं आहे ना?’ असं असू द्या. आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका.

शांत राहणं म्हणजे थंड बसणं नव्हे. डोकं ताळ्यावर असलं की समोरच्याची अडचण दिसते, आणि ती दिसली की आपली आपोआप थोडी छोटी होते.

या आठवड्यात काहीतरी बोंबलणारच आहे. तेव्हा आपली खुंटी आजच शोधून ठेवा.