केबल गेली, वायर आली

"पूर्वीच्या गाड्याच बऱ्या होत्या!" आमच्याकडच्या कुठल्याही कार्यात, पंगत बसली की हे वाक्य एकदा तरी येतंच. मग वाद होतो आणि मठ्ठा येईपर्यंत मिटतो. म्हणून या खेपेला माझं मत लिहूनच टाकतो.

जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरच्या पॅडलपासून इंजिनापर्यंत एक केबल जायची. पाय दाबला की ती ओढली जायची आणि थ्रॉटलची झडप उघडायची. आता पॅडलपाशी सेन्सर असतात. पाय किती दाबला ते कॉम्प्युटरला कळतं आणि झडप किती उघडायची ते तो ठरवतो. यालाच ड्राइव्ह-बाय-वायर म्हणतात. थोडक्यात, पूर्वी पाय हुकूम द्यायचा, आता अर्ज करतो!

केबलही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. गंजायची, अडकायची, भर रस्त्यात तुटायची. नव्या पद्धतीत चाक घसरलं तर कॉम्प्युटर इंजिनाचा जोर आपणहून कमी करतो, धूर आटोक्यात ठेवणं सोपं जातं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर ब्रेकचंच ऐकायचं, अशी सोयही करता येते. शिवाय पॅडलला सहसा दोन सेन्सर असतात. दोघांची साक्ष जुळली नाही की गाडी जोर काढून घेते आणि रांगत चालते.

गेल्या वर्षी माझ्या आतेबहिणीची गाडी अशीच रांगायला लागली, तीही खंबाटकी चढताना. मागे ट्रक, गाडीत दोन मुलं. सुदैवाने निभावलं. सर्व्हिस सेंटरने अख्खं पॅडल बदललं, एरर कोड पुसला आणि बिल हातात दिलं. कोड काय होता ते लिहून द्या म्हटल्यावर उत्तर आलं, "मॅडम, तसं देत नाही."

माझा आक्षेप इथे आहे. तुटलेली केबल कोपऱ्यावरचा मेकॅनिक हातात आणून द्यायचा. इथे पुरावाच पुसला गेला.

टोयोटाचं प्रकरण आठवतंय? ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एक लेक्सस सुसाट सुटली आणि चौघं गेले. पॅडल पायपुसण्यात अडकलं होतं. पण संशय इलेक्ट्रॉनिक्सवरही होता, म्हणून थेट नासाला बोलावलं. त्यांनी सॉफ्टवेअरच्या २,८०,००० हून जास्त ओळी तपासल्या. २०११ च्या अहवालानुसार दोष सापडला नाही. पण सापडला नाही म्हणजे असूच शकत नाही असं नव्हे, हेही त्यांनी नमूद केलं. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात तज्ज्ञांनी त्याच सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं आणि ज्युरीने कंपनीविरुद्ध निकाल दिला. नासाला जिथे ठाम सांगता येत नाही, तिथे तुमची-माझी काय कथा?

आता पाळी ब्रेक आणि स्टिअरिंगची. मर्सिडीजने २००१ पासून काही मॉडेल्सना इलेक्ट्रॉनिक ब्रेक दिले. २००४ आणि २००५ मध्ये लाखो गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या. २०२३ मध्ये आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तर स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात दांडाच नाही. (आपल्या नेहमीच्या गाड्यांत स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटरची मदत असते, पण दांडा शाबूत असतो. ती वेगळी गोष्ट. काकांनी नोंद घ्यावी!)

तर माझं मत असं. थ्रॉटलला वायर खुशाल असू द्या, केबलचे दिवस परत नकोत. झडप बंद झाली तर गाडी थांबते, पण ब्रेक किंवा स्टिअरिंग गेलं तर काय? तिथे दुसरी, पूर्ण वेगळी व्यवस्था हवीच. आणि गाडीने केलेली नोंद ही गाडीच्या मालकाची मालमत्ता. बिलासोबत ती छापून मिळालीच पाहिजे. रक्त तपासल्यावर लॅब रिपोर्ट देते ना? मग गाडीचाच का नाही?

पुढच्या सर्व्हिसिंगला मागून तर बघा. काय उत्तर मिळतं ते मलाही कळवा.