दार लावण्याआधी

उपासात आपला हात धरणारा कोणी नाही. आषाढी, संकष्टी, महाशिवरात्र. साथीला साबुदाण्याची खिचडी! पण ज्याला दुखावले त्याच्या दारी न जाता पाप फिटते काय, हे आपण विचारीत नाही.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते 'शनिवार तेली'. ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, योम किप्पूरला, त्यांनी मराठी नाव दिले 'दारफाळणीचा सण'. पांढरी वस्त्रे, बंद दारे आणि सुमारे 25 तास अन्न नाही, पाणीही नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दानधर्म आणि भेटीगाठी.

या उपासामागचा ज्यू धर्मशास्त्राचा दंडक फार कडक आहे. देवाशी केलेला अपराध या दिवशी फिटतो; माणसाशी केलेला, त्याची समजूत घातल्यावाचून फिटत नाही. तो ऐकत नसेल तर पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा.

कोणी म्हणेल, आमच्याकडे संक्रांतीचा तिळगूळ आहे, दसऱ्याचे सोने आहे. आहे ना! पण वाकायचे कोणी? धाकट्याने थोरल्यापुढे, सुनेने सासूपुढे, विद्यार्थ्याने मास्तरपुढे. आपल्याकडे क्षमा नेहमी खालून वर मागितली जाते. वडीलधारे चुकतच नाहीत, अशी आपली सोयीची समजूत!

मी मास्तर आहे, म्हणून माझेच सांगतो. आमच्या कोरेगावात फीचे पैसे चोरल्याच्या संशयावरून एका मुलाला मी भर वर्गात थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी पैसे माझ्याच हजेरीपटात सापडले. मी घरी येऊन देवापुढे हात जोडले. वर्गात अवाक्षर काढले नाही. 2024 साली दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले, 12 ऑक्टोबरला. त्या संध्याकाळी तोच मुलगा, आता बाप्या झालेला, आपट्याची पाने देऊन माझ्या पाया पडला. मी "सुखी रहा" म्हटले. क्षमा मागायची होती मी, आणि वाकला तो!

वाचकहो, या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन आपण वीस घरे हिंडू. घरातल्या थोरांनी एकविसाव्या घरी रिकाम्या हाताने जावे आणि "माझे चुकले" एवढेच म्हणावे. मी त्याच्याकडे जाणार आहे. वीस वर्षे उशीर झाला आहे. पण सण शिळा झाला तरी सणच असतो.