दुर्वासाचा शाप आणि चरित्रपट

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील टिटवाळा हे कण्वमुनींच्या आश्रमाचे स्थान होय, आणि तेथील महागणपतीची स्थापना दुष्यंताने अव्हेरलेल्या शकुंतलेने केली, अशी स्थानिक आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो. पतीने ओळख नाकारलेल्या स्त्रीचे दुःख या गावाने आपल्या दैवताच्या जन्मकथेत जपून ठेवले, एवढे खरे. कलावंतांच्या जीवनावर निघणाऱ्या आजकालच्या चित्रपटांविषयी लिहिताना या आख्यायिकेची आठवण होते, ती अकारण नव्हे.

महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखतो. ओळखूनही, लोक काय म्हणतील या भयाने, भर सभेत तिला खोटी ठरवितो. आकाशवाणी झाल्यावर मात्र आपणास सारे ठाऊक होते असे कबूल करतो. कालिदासास असा नायक परवडणारा नव्हता. त्याने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, आणि राजाचा अपराध विस्मृतीच्या माथी मारून नायकास निष्कलंक केले. काव्य म्हणून ही योजना अलौकिक आहे; परंतु चरित्र म्हणून तिला काय म्हणावे?

याच शाकुंतलाने मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले, आणि १९०५ साली मिरजेस शकुंतलेच्याच भूमिकेत नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, प्रथम रसिकांपुढे उभे राहिले. पुढे २०११ साली रवी जाधव यांनी त्यांच्यावर 'बालगंधर्व' हा चित्रपट काढला. सुबोध भावे यांचा अभिनय आणि आनंद भाटे यांचा कंठ यांची थोरवी आम्ही शिरोधार्य मानतो. आमची तक्रार निराळी आहे. आमचे चरित्रपट कालिदासाचा मार्ग धरतात. त्यांच्या हाती दुर्वासाचा एक नवा शाप आला आहे, आणि त्या शापाचे नाव कला!

१९११ साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची कन्या निवर्तली, आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. ही हकीकत शतकभर कलानिष्ठेचा परमोच्च दाखला म्हणून सांगितली जाते, आणि चित्रपटातही तो प्रसंग आहे. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात; पण कोणासाठी? प्रयोग करणाऱ्या पित्यासाठी. त्या दिवशी घरी राहिलेली माताही होती. लक्ष्मीबाईंनी तो दिवस कसा काढला, हा प्रश्न त्या टाळ्यांच्या कडकडाटात कोणास सुचतच नाही. पित्याने प्रयोग करावयास नको होता, असे आमचे म्हणणे नाही. त्या निष्ठेचे मोल दोघांनी दिले आणि गौरव एकाच्याच पदरी पडला, एवढेच आमचे म्हणणे.

शापाने भागेना तर प्रत्यक्ष दुर्वासच उभा केला जातो. मोझार्टवरील 'अमेडियस' या १९८४ च्या चित्रपटात सालिएरी हा मत्सराने पेटलेला घातकी पुरुष दिसतो. वस्तुतः मोझार्टच्या निधनानंतर त्याच्या धाकट्या पुत्राने याच सालिएरीपाशी संगीताचे धडे घेतले. आमच्याकडे ही भूमिका रसिकांच्या कुजबुजीने गोहरबाई कर्नाटकी यांना दिली. या बाईंनी गंधर्वांस बुडविले, असे म्हणणारे आजही भेटतात. परंतु गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर १९२१ च्या सुमारासच चढला होता. १९३२ पासून मराठी बोलपट प्रेक्षक ओढून नेऊ लागला होता. आणि गोहरबाई मंडळीत आल्या त्या याही नंतर. ज्या गायिकेने पडत्या काळात साथ दिली तिलाच पडझडीचे कारण ठरविणे, हा न्याय कोणता?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की थोरांच्या घरात डोकावण्याचे प्रयोजन काय? त्यांचे गाणे ऐकावे आणि स्वस्थ बसावे. हा आक्षेप आम्हांस मान्य झाला असता. पण घराचे दार आम्ही उघडलेले नाही, चित्रपटानेच उघडले आहे. पत्नीचे अश्रू नायकाच्या थोरवीस उठाव देण्यासाठी वापरावयाचे आणि त्या अश्रूंचे कारण विचारले की 'ही खाजगी बाब' म्हणावयाचे, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की घरच्यांनीच काढलेल्या चित्रपटात असत्य कोठून येणार? 'मी वसंतराव' (२०२२) मध्ये नातू राहुल देशपांडे आजोबांच्या भूमिकेत आहेत. 'महाराष्ट्र शाहीर' (२०२३) हा शाहीर साबळे यांचे दौहित्र केदार शिंदे यांनी दिग्दर्शिला, आणि त्यात शाहिरांच्या पत्नी भानुमतीबाईंची भूमिका त्यांच्याच पणतीने केली. घरच्यांजवळ आठवणींचे भांडार असते, हे निःसंशय. 'मी वसंतराव'मध्ये पतिगृह सोडून नागपुरास एकटीने मुलास वाढविणारी माता ज्या ताठ कण्याने उभी राहते, ते या भांडाराचेच देणे होय. पण प्रेम हा उत्तम साक्षीदार असला तरी उत्तम न्यायाधीश नव्हे. आईचा त्याग सांगणे सोपे, कारण त्याने पुत्राची उंची वाढते. पत्नीची तक्रार सांगणे कठीण, कारण तिने ती कमी होईल अशी भीती वाटते.

ही भीती व्यर्थ आहे, याचा पुरावा मराठीतच आहे. पंडित भीमसेन जोशी यांच्या पहिल्या पत्नीचे पुत्र राघवेंद्र यांनी 'गाणाऱ्याचे पोर' हे पुस्तक लिहिले. पित्याच्या दुसऱ्या संसारामुळे पहिल्या घराच्या वाट्यास काय आले, हे त्यात आहे. आणि त्या स्वराची ओढ लागलेला मुलगाही त्यातच आहे. ते वाचून भीमसेनांच्या तोडीचा षड्ज रतिमात्र उणा झाला काय? उलट, गायक आणि माणूस हे दोघे निराळे ओळखूनही एकाच हृदयात ठेवता येतात, हे वाचकास कळते. एका पुत्राच्या लेखणीस जे साधले, ते चित्रपटाच्या साऱ्या साधनसंपत्तीस का साधू नये?

प्रसंग आखडावेत, दोन पात्रांचे एक करावे, संवाद रचावेत, ही मोकळीक चित्रपटास असलीच पाहिजे. तिच्यावाचून कलाकृती उभी राहत नाही. परंतु कालिदासाचा दुष्यंत पुराणातला राजा होता. आमचे नायक आजोबा-पणजोबांच्या पिढीचे, खऱ्या नावागावाचे आहेत, आणि त्यांच्या घरच्या स्त्रियाही खऱ्याच होत्या. मराठी प्रेक्षक दुबळा नाही. थोर गायक घरी चुकला, आणि ती चूक कलेची नसून त्याचीच होती, हे ऐकण्याइतके बळ त्याच्यात आहे. तेव्हा चरित्रपटकारांनी कालिदासाकडून रसनिर्मिती अवश्य शिकावी. शाप मात्र त्याच्याच नाटकात राहू द्यावा. महाभारतातील शकुंतला भर सभेत राजास सडेतोड जाब विचारते आणि व्यास तो विस्ताराने ऐकवितात. आमच्या पडद्यावर तिला तेवढी चार वाक्ये बोलू द्यावीत, इतकीच आमची मागणी आहे.